उघडें वाय-फाय आणि घरचा संगणक

आमच्या शाळेंतून दोन वर्षांपूर्वीं उत्तीर्ण होऊन गेलेला एक विद्यार्थी गतवर्षीं एका संध्याकाळीं माझ्याकडे आला. त्याच्या मामानें आपला जुना लॅपटॉप त्याला दिला होता, व त्याचा आनंद त्याच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होता. घरीं इंटरनेटची जोडणी नव्हती. आईच्या मोबाईलवर दिवसाचा जो डेटा मिळे, तो धाकट्या बहिणीच्या अभ्यासांत दुपारींच संपे. परंतु त्यांच्या खोलीसमोर एक सार्वजनिक वाचनालय आहे, आणि तेथील वाय-फायच्या लहरी ह्यांच्या खिडकीपर्यंत पोंचतात. त्या वाय-फायला पासवर्ड नाहीं. ग्रंथपालांस विचारलें तेव्हां ते, "अरे, वाचकांसाठींच आहे तें, खुशाल वापर," असें म्हणाले होते. मुलाला एका प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरावयाचा होता, आणि तत्पूर्वीं मला एकदां विचारावें एवढ्याचसाठीं तो आला होता.

"सर, जोडूं ना?"

मीं क्षणाचाही विचार न करितां उत्तर दिलें, "छे, छे! उघड्या वाय-फायच्या वाटेस जाऊं नकोस. तेथें कोण टपून बसला असेल ह्याचा नेम नाहीं." तो "बरें, सर" म्हणाला आणि गेला. एका मुलाला संकटांतून वांचविल्याचें समाधान मला त्या रात्रीं वाटलें, हें कबूल केलें पाहिजे.

पुढें महिन्याभरानें तो भेटला तेव्हां सगळा वृत्तांत कळला. अर्ज भरण्यासाठीं तो बाजारांतील एका सायबर कॅफेंत गेला. मुदतीचा शेवटचा दिवस, दुकानांत उभें राहावयास जागा नाहीं. त्याची पाळी येईपर्यंत वेळ टळून गेली. विलंबशुल्क भरावें लागलें, व तें त्याच्या आईच्या तीन दिवसांच्या कमाईएवढें होतें. परंतु मला ह्याहून अधिक लागलें तें निराळेंच. त्या दुकानांतील परक्या संगणकावर त्यानें आपला पासवर्ड टंकला होता, आणि आधारकार्डाची व गुणपत्रिकेची प्रत त्याच संगणकांत तशीच ठेवून तो घरीं आला होता. ज्या संकटाच्या भयानें मीं त्याला अडविलें, त्याहून मोठ्या संकटांत मीं स्वतः त्याला धाडलें होतें. त्यानें मात्र तक्रारीचा एक शब्दही काढला नाहीं. "अर्ज गेला ना, सर, झालें," एवढेंच तो म्हणाला.

तेव्हांपासून ह्या विषयाकडे मीं जरा मन लावून पाहिलें, आणि माझें मत पार बदललें. "उघडें वाय-फाय वापरूं नका" हा उपदेश आपण शिक्षक व पालक मंडळी मुलांस सर्रास करतों; परंतु तो करण्यांत आपली सोय आहे, मुलांची नाहीं. ज्याच्या घरीं स्वतःची जोडणी आहे, त्याला तो उपदेश पाळण्यास कांहींच पडत नाहीं. ज्याच्या घरीं ती नाहीं, त्याला तो पाळतां येत नाहीं. आणि शिक्षकांवरील विश्वासानें त्यानें तो पाळलाच, तर माझ्या विद्यार्थ्याप्रमाणें तो अधिक वाईट वाटेनें जातो. म्हणून उघड्या जाळ्यावर आपला संगणक सुरक्षितपणें कसा न्यावा, हेंच मुलांना शिकविलें पाहिजे असें मी आतां म्हणतों. त्यास शाळेचे दोन तास पुरेसे होतात, हें मी अनुभवानें सांगूं शकतों.

बिनतारी यंत्राचा हा उघडेपणा आजकालचा नव्हे. १९०३ सालच्या जून महिन्यांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्राध्यापक फ्लेमिंग हे मार्कोनीच्या बिनतारी तारायंत्राचा प्रयोग लोकांस दाखवीत होते. दूर कॉर्नवॉल प्रांतांतील पोल्ढू येथून खुद्द मार्कोनीचा संदेश यावयाचा होता. आपल्या यंत्राचा संदेश दुसऱ्या कोणास पकडतां येणार नाहीं, अशी मार्कोनीची प्रौढी होती. परंतु संदेशाची वेळ येण्यापूर्वींच यंत्र टकटक करूं लागलें, आणि त्यांतून "उंदीर, उंदीर" ह्या अर्थाचा इंग्रजी शब्द पुनःपुन्हां येऊं लागला. पाठोपाठ मार्कोनीची टिंगल करणारें एक कवनही आलें. नेव्हिल मॅस्केलिन नांवाच्या एका जादूगारानें जवळच आपलें यंत्र मांडून हा खोडसाळपणा केला होता. फ्लेमिंगसाहेब फार संतापले. परंतु जादूगारानें दाखविलें तें खरेंच होतें. तारेंतून जाणारा निरोप तारेपुरता असतो, हवेंतून जाणारा निरोप सर्वांच्या अंगणांत पडतो.

आजच्या वाय-फायलाही हेंच लागू आहे. आपल्या घरच्या वाय-फायला जो पासवर्ड असतो, तो केवळ फुकट्यांना दूर ठेवण्यासाठीं नसतो. त्याच्याच आधारें संगणक व राउटर आपसांतलें सर्व बोलणें गूढ लिपींत बोलतात. पासवर्ड नसलेल्या साध्या उघड्या जाळ्यावर ही गूढ लिपी नसते. आणि शेजारच्या बाकावरील मनुष्यास थोडी युक्ती ठाऊक असली, तर तें बोलणें त्याला टिपून घेतां येतें. येथपर्यंत माझा जुना उपदेश बरोबर होता.

चुकलें तें पुढें. टिपून घेतलें म्हणजे वाचतां आलें असें मी समजत होतों, आणि एके काळीं तसेंच होतेंही. पोस्टाचें साधें कार्ड आणि बंद पाकीट ह्यांतील भेद आमच्या वाचकांस सांगावयास नको. पंधरा वर्षांपूर्वीं बहुतेक संकेतस्थळें आपला पुष्कळसा व्यवहार कार्डावर करीत. लॉगिन करतांना पासवर्ड तेवढा पाकिटांत जाई. एकदां ओळख पटली कीं संकेतस्थळ आपल्या संगणकास एक खूणचिठी देई, आणि ती खूणचिठी पुढें प्रत्येक वेळीं उघड्या कार्डावर येई-जाई. २०१० सालच्या ऑक्टोबरांत एरिक बटलर नांवाच्या अमेरिकन तरुणानें "फायरशीप" ही छोटीशी जोडणी फायरफॉक्स ब्राउझरसाठीं प्रसिद्ध केली. उपाहारगृहांत बसून ती चालूं केली कीं त्याच वाय-फायवरील इतरांच्या खूणचिठ्या आपोआप गोळा होत, आणि एका टिचकीनें त्यांच्या फेसबुकच्या खात्यांत शिरतां येई. त्यासाठीं फारशा विद्वत्तेचीही गरज उरली नव्हती. बटलरचा हेतु चोरीचा नव्हता. मोठ्या कंपन्यांची झोंप मोडावी, एवढाच होता. त्याच्या ह्या रीतीबद्दल त्या वेळीं बरेच वाद झाले. मला ती रीत तितकीशी आवडत नाहीं, पण तिचा उपयोग झाला हें नाकारतां येत नाहीं.

झोंप मोडली खरी. जीमेलनें २०१० च्या जानेवारींतच आपला सर्व व्यवहार पाकिटांत घातला होता. फेसबुकनें २०११ सालीं तशी सोय मागणाऱ्यास दिली, आणि २०१३ पर्यंत ती सर्वांस लागू केली. लहान संकेतस्थळांस पाकिटाचा खर्च परवडत नसे; २०१५ च्या अखेरीस "लेट्स एन्क्रिप्ट" ही संस्था त्यासाठीं लागणारें प्रमाणपत्र विनामूल्य देऊं लागली, व ती अडचणही सरली. २०१८ च्या जुलैपासून क्रोम ब्राउझर कार्डावर चालणाऱ्या प्रत्येक संकेतस्थळाच्या पत्त्याशेजारीं "सुरक्षित नाहीं" असा शेरा दाखवूं लागला. सारांश, पूर्वीं कुलूप वाय-फायलाच काय तें असे, आतां प्रत्येक पत्राला स्वतंत्र कुलूप आहे. पत्ता "एचटीटीपीएस" ह्या अक्षरांनीं सुरू होत असेल, तर शेजारच्या बाकावरील मनुष्यास फार तर आपण कोणत्या संकेतस्थळीं गेलों तें कळेल; तेथें काय वाचलें, काय लिहिलें हें कळणार नाहीं. प्रवेशपरीक्षेचा अर्ज त्या वाचनालयाच्या वाय-फायवरून निर्धास्त भरतां आला असता.

मग भय उरलेंच नाहीं काय? उरलें आहे, पण त्याची जागा बदलली आहे. माझ्या मतें आज तें मुख्यत्वें आपल्याच संगणकाच्या दारांत आणि आपल्याच बोटांच्या उतावीळपणांत आहे.

दाराची गोष्ट प्रथम घेऊं, कारण घरच्या संगणकाच्या बाबतींत तीच अधिक महत्त्वाची असून तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातें. मोबाईल हा जन्मतः फिरस्ता आहे. परक्या जाळ्यांत वावरण्याची त्याला संवय असते. घरचा संगणक तसा नाहीं. घरांत तो आपल्या माणसांत वाढलेला असतो. बाबांनीं प्रिंटर सर्वांसाठीं खुला ठेवलेला असतो. ताईचीं छायाचित्रें दादाला दिसावींत म्हणून एक फोल्डर सामाईक केलेला असतो. कोणी विचारूं नये म्हणून पासवर्डही काढून टाकलेला असतो. घरांत हें सर्व शोभतें. परंतु तोच संगणक उघड्या जाळ्याला जोडला कीं तो धर्मशाळेंत उतरला असें समजावें. तेथें जे इतर पांचपन्नास संगणक असतील, ते आतां त्याचे शेजारी झाले. आणि त्यांपैकीं एखादा रोगट असला तर तो ह्याचें दार ठोठावून पाहणारच, त्याच्या धन्याच्या मनांत कांहींही वाईट नसलें तरी.

ही कल्पना अतिशयोक्तीची वाटत असेल त्यानें २०१७ सालचा मे महिना आठवावा. त्या महिन्याच्या १२ तारखेस "वॉनाक्राय" नांवाचा रोग जगभर पसरला. तो विंडोज संगणकांच्या फायली सामाईक करण्याच्या यंत्रणेंतील एका भेगेंतून एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर आपला आपण उडी घेई, फायली गूढ लिपींत बंद करी आणि खंडणी मागे. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांस रोग्यांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. आणि ती भेग बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्च महिन्यांतच देऊन ठेविली होती! दोन महिने ज्यांनीं "मागाहून करूं" म्हणून ती घेतली नाहीं, त्यांतलेच पुष्कळसे त्यांत सांपडले. पडद्याच्या कोपऱ्यांत उगवणारी अद्ययावत करण्याची सूचना आपण रोज किती सहजपणें दूर सारतों, ह्याचा प्रत्येकानें आपल्या मनाशीं विचार करावा.

तेव्हां संगणक उघड्या जाळ्यावर नेण्यापूर्वींची तयारी घरींच, किंवा एखाद्या विश्वासाच्या जोडणीवर, करून ठेवावी. विंडोज व ब्राउझर ह्यांच्या दुरुस्त्या घेतलेल्या असाव्यात. फायरवॉल चालूं असावी. ती बहुधा असतेच, पण एखाद्या खेळासाठीं कोणी बंद केली असल्याचीं उदाहरणें मीं पाहिलीं आहेत. संगणकाला पासवर्ड असावा, आणि रोजच्या कामासाठीं साधें खातें निराळें काढावें. ज्या खात्यास सर्व अधिकार आहेत त्यानें परक्या जाळ्यावर बसूं नये. मग जाळ्याशीं जोडतांना विंडोज तें "पब्लिक" मानावें कीं "प्रायव्हेट" असें ठरवूं देतें, त्यांत "पब्लिक" हेंच निवडावें. पुष्कळ लोक येथें अर्थाचा अनर्थ करतात. "पब्लिक म्हटलें कीं माझें सर्व सार्वजनिक होईल" अशी त्यांची समजूत होते व ते दुसरें निवडतात. खरें पाहतां आपण सार्वजनिक जागीं बसलों आहों एवढेंच संगणकास सांगावयाचें असतें. तें सांगितलें कीं तो इतरांस दिसेनासा होतो, आणि प्रिंटर व फोल्डर ह्यांचीं दारें लावून घेतो. ह्या एका शब्दाच्या निवडीनें जेवढें रक्षण होतें, तेवढें विकत घेतलेल्या पुष्कळशा औषधांनीं होत नाहीं.

आतां बोटांचा उतावीळपणा. उघड्या वाय-फायची ओळख म्हणजे काय, तर केवळ एक नांव. आणि नांव कोणालाही घेतां येतें. वाचनालयाच्या जाळ्याचें जें नांव आहे, तेंच नांव आपल्या लहानशा यंत्राला देऊन कोणी पायरीवर बसला, तर आपल्या संगणकास दोहोंतील भेद कळत नाहीं. इतकेंच नव्हे, एकदां जोडलेलें नांव संगणक लक्षांत ठेवतो, व पुन्हां कोठें तें दिसलें कीं न विचारतां जोडून मोकळा होतो. म्हणून जाळ्याचें नेमकें नांव तेथील जबाबदार मनुष्यास विचारून घ्यावें, आपोआप जोडण्याची खूण काढून टाकावी, आणि काम संपल्यावर तें नांव विसरण्यास संगणकास सांगावें.

समजा, इतकें करूनही आपण खोट्या जाळ्यांतच शिरलों. तरी घात झालाच असें नाहीं. खोटें जाळें आपणांस खोट्या बँकेच्या दारीं नेऊं शकेल, पण खऱ्या बँकेचें प्रमाणपत्र त्याला दाखवितां येणार नाहीं. त्या क्षणीं ब्राउझर पानभर इशारा देऊन आपली वाट अडवितो. आणि येथेंच आपण बहुतेक जण हरतों! इशारा वाचण्याचा आपणांस कंटाळा असतो. "तरीही पुढें जा" हे शब्द कोठें लपविले आहेत एवढेंच आपण शोधतों. परक्या जाळ्यावर हा इशारा दिसला कीं तत्काळ उठावें, जोडणी तोडावी, आणि तें काम त्या दिवशीं तेथें करूं नये. दुसरीही एक हातचलाखी आहे. मॉक्सी मार्लिनस्पाइक ह्या संशोधकानें २००९ सालीं ती जगापुढें मांडली: मधला मनुष्य पाकिटाची वाट मुद्दाम पुसून टाकतो आणि आपणांस नकळत कार्डाच्या वाटेनें नेतो, इशारा येतच नाहीं. ह्यावर उपाय असा कीं महत्त्वाचा पत्ता कोणाच्या दुव्यावरून न घेतां "एचटीटीपीएस" ह्या अक्षरांसकट स्वतः टंकावा, आणि नेहमीं सुरक्षित जोडणीच वापरावी अशी जी आज्ञा ब्राउझरच्या मांडणींत असते ती एकदांच चालूं करून ठेवावी. ती चालूं असली कीं कार्डाच्या वाटेवर जाण्यापूर्वीं ब्राउझर आपणांस विचारतो.

आणखी एक गैरसमज येथेंच दूर करावासा वाटतो. पत्त्याशेजारीं जें कुलुपाचें चित्र दिसे, त्यावरून संकेतस्थळ प्रामाणिक आहे असा अर्थ अनेक जण काढीत. तो चुकीचा होता. पाकीट बंद आहे एवढेंच तें चित्र सांगे. पाकीट ज्याच्या हातीं पडणार तो सज्जन आहे कीं ठग, हें त्यावरून कळत नसे. ह्याच घोटाळ्यामुळें २०२३ सालीं क्रोमनें तें चित्र काढून टाकलें. ठगाचें संकेतस्थळ घरच्या उत्तम पासवर्डाच्या वाय-फायवरूनही आपणांस लुबाडूं शकतें, आणि ह्याचें खापर उगाच उघड्या जाळ्याच्या माथीं फुटतें.

वाय-फाय जोडतांना प्रथम जें पान उघडतें तें मोबाईलचा क्रमांक मागतें व त्यावर आलेला ओ. टी. पी. मागतें, तेवढा द्यावा. त्यानें बँकेचा अगर ई-मेलचा पासवर्ड मागितला, किंवा "अमुक एक प्रोग्रॅम घातल्यावांचून वाय-फाय चालणार नाहीं" असें म्हटलें, तर तें पान बंद करावें. बँकेचें काम दोन मिनिटांचें असतें आणि डेटा फारसा खात नाहीं. तें मोबाईलच्या स्वतःच्या डेटावर करावें, असें मी अजूनही सांगतों. ही सावधगिरी थोडी अधिकच आहे हें मला मान्य आहे, परंतु तिची किंमत अगदींच अल्प पडते.

व्ही. पी. एन. नांवाच्या वस्तूचा आजकाल फार गवगवा आहे. संगणकापासून त्या कंपनीच्या यंत्रापर्यंत एक गुप्त भुयार काढतां येतें, व उघड्या जाळ्यावरील शेजाऱ्यांस कांहींच दिसत नाहीं, हें खरें आहे. परंतु भुयाराच्या दुसऱ्या तोंडाशीं ती कंपनी बसलेली असते, हें जाहिरातींत सांगत नाहींत. शेजाऱ्यांवरचा अविश्वास उचलून आपण एका अनोळखी व्यापाऱ्यावर विश्वास टाकतों. फेसबुकनें २०१३ सालीं "ओनाव्हो" ही कंपनी विकत घेतली व तिची मोफत व्ही. पी. एन. लोकांस दिली, लोक आपल्या रक्षणासाठीं म्हणून ती वापरीत, आणि त्यांच्या मोबाईलवर कोणते प्रोग्रॅम किती चालतात ह्याची माहिती त्याच भुयारांतून फेसबुकला पोंचत असे. त्यावर बरीच ओरड झाली व २०१९ सालीं ती बंद करण्यांत आली. नोकरीच्या ठिकाणीं मालकानें दिलेली व्ही. पी. एन. अवश्य वापरावी. फुकट मिळते म्हणून विद्यार्थ्यानें ती घेऊं नये.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. २६ जुलै २००८ रोजीं अहमदाबादेंत बॉम्बस्फोट झाले. त्या स्फोटांची जबाबदारी घेणारा ई-मेल नवी मुंबईंत राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या घरच्या उघड्या वाय-फायवरून गेल्याचें आढळून आलें, आणि त्या गृहस्थास चौकशीच्या दिव्यांतून जावें लागलें. पुढच्या दोन महिन्यांत मुंबईंतील एका महाविद्यालयाच्या व एका खासगी कंपनीच्या जाळ्यांचा असाच दुरुपयोग झाला. "ज्या वस्तूचा असा उपयोग होतो ती बंदच कां करूं नये?" असें पुष्कळांनीं तेव्हां विचारलें. हा प्रश्न मी हलका समजत नाहीं. परंतु त्याचें उत्तर सरकारनें त्याच वेळीं शोधलें होतें. २००९ सालीं दूरसंचार खात्यानें वाय-फायविषयीं नियम केले. आज सार्वजनिक ठिकाणीं मोबाईलचा क्रमांक द्यावा लागतो तो त्यामुळेंच. घरचें वाय-फाय ज्यानें त्यानें पासवर्ड घालून बंद ठेवावें, ह्याविषयीं माझें दुमत नाहीं. वाचनालयासारख्या संस्थेनें मात्र नोंद ठेवून दार उघडें ठेवावें.

ह्यावरूनच वापरणाऱ्याचें एक कर्तव्य निघतें, आणि तें मी विद्यार्थ्यांना सर्वांआधीं सांगतों. शेजाऱ्यानें पासवर्ड घालावयाचें विसरलें, ह्याचा अर्थ त्यानें आपणांस परवानगी दिली असा होत नाहीं. परवानगीवांचून दुसऱ्याच्या जाळ्यांत शिरल्यास २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ व्या कलमान्वयें नुकसानभरपाई द्यावी लागूं शकते. कायदा बाजूला ठेविला तरी, ज्याचें पाणी भरावयाचें त्याला विचारावें ही आपल्याकडची जुनी रीत आहे. माझ्या विद्यार्थ्यानें ग्रंथपालांस आधीं विचारलें होतें. ह्या बाबतींत तो माझ्यापुढें होता.

आणि ह्या दारांतून काय जातें तेंही पाहावें. २०१६ सालच्या जानेवारींत मुंबई सेंट्रल स्थानकावर रेलटेल व गूगल ह्यांनीं मोफत वाय-फाय सुरू केलें. २०१८ च्या जूनपर्यंत तें ४०० स्थानकांवर पोंचलें. पुढें २०२० सालीं गूगलनें अंग काढून घेतलें, तरी रेलटेलनें तें चालूं ठेविलें. त्याच २०१८ सालीं केरळांतील एर्नाकुलम स्थानकावरील एका हमालाची हकीकत वर्तमानपत्रांत आली होती. डोक्यावर ओझें व कानांत धडा, अशा रीतीनें स्थानकाच्या वाय-फायवर अभ्यास करून तो राज्य लोकसेवा आयोगाच्या लेखी परीक्षेंत उत्तीर्ण झाला. त्याला जर माझ्यासारखा कोणी सल्लागार भेटला असता तर काय झालें असतें, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

गेल्या दिवाळीच्या सुटींत मीं त्या विद्यार्थ्यास त्याच्या लॅपटॉपसह बोलाविलें व आम्ही दोघे शाळेच्या संगणककक्षांत बसलों. दोन तास लागले. त्यांतला दीड तास साठलेल्या दुरुस्त्या घेण्यांतच गेला. सामाईक फोल्डर उघडून पाहिला तों त्यांत त्याच्या मामाच्या घरचीं रेशनकार्डें, पगाराच्या पावत्या आणि मामीच्या बँकेच्या पासबुकाचीं छायाचित्रें निघालीं. मामाला त्याची दादही नव्हती. मुलानें तीं सर्व एका पेनड्राइव्हवर घेऊन संगणकावरून पुसलीं, व पेनड्राइव्ह दुसऱ्या दिवशीं मामाला नेऊन दिला. नंतर आम्ही दोघे चालत वाचनालयांत गेलों. ग्रंथपालांस सर्व सांगितलें तेव्हां त्यांनीं खडू घेतला आणि नवीन पुस्तकांच्या यादीच्या वर, फळ्यावर, वाय-फायचें नेमकें नांव मोठ्या अक्षरांत लिहून ठेविलें. तें अद्याप तेथें आहे.